पणजोबा जगाला दाखवा, पुतणी नको

ई-आधारची पीडीएफ उघडायला आठ अक्षरी पासवर्ड लागतो. तो कसा बनतो हे काही गुपित नाही: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि पुढे जन्मवर्ष. कितीतरी क्रेडिट कार्डांच्या मासिक स्टेटमेंटचा पासवर्ड याच घाटणीचा असतो, फक्त वर्षाच्या जागी जन्माची तारीख आणि महिना. फोनवरून बँकेशी बोलायचं तर ओळख पटवायला आईचं माहेरचं आडनाव विचारायची रीतही जुनीच.

आता कपाटातून तुमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढा आणि शेवटच्या दोन पिढ्यांचं कुठलंही पान उघडा. संपूर्ण नाव, जन्मतारीख, शिक्षण, हुद्दा, पत्ता, फोन, पत्नीचं माहेर, तिच्या वडिलांचं नाव, मुलांची नावं आणि त्यांच्याही जन्मतारखा. 'हे फक्त तुम्हालाच ठाऊक असेल' असं समजून जे जे विचारलं जातं, ते ते सगळं कुलमंडळाने वर्गणी गोळा करून, छापून, कापडी बांधणीत भाऊबंदांना वाटलेलं असतं.

तेव्हा त्यात वावगं काही नव्हतं. पुस्तकाच्या प्रती मोजक्या, त्या कुळातच फिरायच्या, आणि एखादं नाव शोधायचं तर मूळ पुरुषापासून कुठली शाखा, कुठलं घराणं हे माहीत असावं लागायचं. शोधण्याचे कष्ट हेच त्या माहितीचं कुलूप होतं. ते कुलूप आता राहिलेलं नाही. त्याच पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ इंटरनेटवर चढते, मराठी अक्षरं वाचणारी सॉफ्टवेअर तिचा मजकूर करतात, आणि ज्याला तुमच्या कुळाचं गोत्रही माहीत नाही त्याला तुमच्या आत्याचं नाव टाइप करून तिचा पत्ता मिळतो. १९८५ साली काकांनी छापील फॉर्म भरून दिला तेव्हा त्यांनी संमती दिली होती ती पुस्तकाला. या प्रकाराला कुणीच दिली नव्हती.

वंशावळ ऑनलाइन टाकावी, या मताचा मी आहे. एकट्याने बसून पूर्ण झालेली वंशावळ मी पाहिलेली नाही. कुणाकडे मोडी कागद असतात, कुणाकडे फोटो, कुणाच्या आजीला नावं पाठ असतात, आणि ही माणसं एकमेकांना सापडतात ती बऱ्याचदा इंटरनेटवरच. प्रश्न एवढाच की काय टाकायचं आणि कुठल्या पिढीपाशी थांबायचं.

एका ओळीत काय काय मावतं

हल्ली काम सुरू होतं ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. कुणीतरी उत्साही पुतण्या गुगल शीट बनवतो, 'लिंक असलेल्या कुणालाही संपादन करता येईल' असं ठेवतो आणि ग्रुपवर टाकतो. दोनेकशे लोकांचा ग्रुप, त्यातून लिंक पुढे सासरच्या ग्रुपवर. शीटमधली एक ओळ, समजा, अशी आहे:

मंदाकिनी, जन्म १९५१, माहेरचं आडनाव अमुक, यजमान कै., मुलगा टोरांटोला, स्वतः कोथरूडला, मोबाइल नंबर, आणि 'इतर' या रकान्यात प्रेमाने लिहिलेलं: गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एकट्या असतात, फोन केला तर त्यांना बरं वाटतं.

लिहिणाऱ्याचा हेतू सोन्यासारखा. पण हीच ओळ भामट्याच्या हाती पडली की फोन असा येतो: "मंदाआत्या, ओळखलंत का? मी पार्ल्याच्या सुधाकाकांचा धाकटा. गुडघा कसा आहे आता? अहो, टोरांटोहून दादाचा मला फोन आला होता, त्याचं जरा अडलंय." पुढच्या दहा मिनिटांत काय घडतं ते आपण वर्तमानपत्रात वाचतो. अनोळखी माणसाला आत्या एक पैसा देणार नाही. सुधाकाकांच्या धाकट्याला ती नाही म्हणणार नाही. भामट्याला नातं माहीत असणं हा पासवर्ड माहीत असण्यापेक्षा मोठा धोका आहे, कारण पासवर्ड बदलता येतो.

मेलेले आणि हयात

वंशावळीच्या जगात सगळ्या नियमांचा पाया एकच आहे: गेलेल्या माणसाची माहिती उघडी, हयात माणसाची बंद. फॅमिलीसर्च ही युटातल्या मॉर्मन चर्चची वंशावळींची मोफत साइट आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांसारख्या तीर्थक्षेत्रांच्या नोंदींची छायाचित्रं तिनेच जमवली आहेत. तिथे जन्माला ११० वर्षं झालेली नसतील आणि मृत्यूची नोंद नसेल, तर माणूस हयात धरला जातो, आणि हयात माणसाची नोंद एरवी ती करणाऱ्यालाच दिसते. जेनी, विकीट्री या अशाच दुसऱ्या साइटचे नियम तपशिलात वेगळे, पण गाभा हाच.

यातून एक गंमत होते. वंशवृक्षात हयात माणसाच्या पेटीतली माहिती इतरांना दिसत नाही म्हणून वैतागून लोक सरळ 'मृत' या खुणेवर बोट ठेवतात. मग जिवंत काकू सगळ्या जगासाठी 'कै.' होऊन बसतात, आणि काकूंच्या नातवाने ते पाहिलं की पुढच्या श्रावणीच्या जेवणाला तुम्हाला बोलावणं येत नाही. हा केवळ शकुन-अपशकुनाचा मामला नाही. त्या एका खुणेने साइटचं संरक्षणही निघून जातं.

कायदाही साधारण याच रेषेवर उभा आहे. युरोपचा माहिती-संरक्षण कायदा, जीडीपीआर, मृत व्यक्तींना लागू नाही, असं त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलं आहे. हयातांच्या बाबतीत मात्र तिथली न्यायालयं कडक आहेत. स्वीडनमध्ये बोडिल लिंडक्विस्ट नावाच्या बाईंनी चर्चमधल्या सहकाऱ्यांची माहिती आपल्या वेबपेजवर हौसेने टाकली. त्यात एका बाईंच्या पायाला दुखापत झाल्याने त्या अर्धवेळ रजेवर आहेत, असंही होतं. २००३ साली युरोपीय न्यायालयाने ठरवलं की इंटरनेटवर कितीही लोकांना दिसेल असं काही टाकलं की ते 'घरगुती काम' उरत नाही. जर्मनीत किंवा आयर्लंडमध्ये राहून कुळाची साइट चालवणाऱ्या मराठी माणसाने हा निकाल ध्यानात ठेवावा.

आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनांना तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. आपल्या विषयापुरत्या त्यातल्या तीन गोष्टी पुरेत. एखादी व्यक्ती वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरत असेल तर तिला हा कायदा लागू नाही. म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरच्या वंशवृक्षासाठी कुणी नोटीस धाडणार नाही. पण ही सूट व्यक्तीला आहे. नोंदणीकृत कुलमंडळ ही व्यक्ती नव्हे, तेव्हा मंडळाने ती आपल्यालाही आहे असं गृहीत धरू नये. दुसरं, कागदावरची माहिती नंतर डिजिटल केली तर तीही कायद्याच्या कक्षेत येते, म्हणजे स्कॅन केलेला जुना कुलवृत्तांत सुटत नाही. आणि तिसरं, १८ वर्षांखालच्यांच्या माहितीला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नातवंडांच्या जन्मतारखांची हौस असलेल्या आजोबांना हे कुणीतरी हळूच सांगायला हवं.

आपल्या नावांचा घोटाळा

वंशावळीच्या साइटचे नियम ज्यांनी बनवले त्यांच्याकडे नाव म्हणजे नाव आणि आडनाव. आपलं पूर्ण नाव ही आधीच दोन पिढ्यांची वंशावळ असते: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. त्यामुळे साइटने हयात माणसाच्या पेटीत 'खासगी' असं लिहिलं तरी आपल्याकडे ती पेटी फारशी झाकली जात नाही. वडील गेलेले, त्यांचं नाव उघडं. वर आजोबा उघडे. खाली 'खासगी, पुरुष' अशा दोन पेट्या. आता फेसबुकवर किंवा लिंक्डइनवर मधलं नाव आणि आडनाव टाकून शोधलं की दोन्ही पेट्या भरायला वेळ लागत नाही. पेट्यांच्या क्रमावरून कोण मोठा, कोण धाकटा हेही कधीकधी उलगडतं. मुलींचं तर आणखी अवघड. लग्नानंतर नाव बदललेली बाई नुसत्या नावावरून सापडत नाही, आणि पुष्कळ जणींना तसंच राहायचं असतं. कुलवृत्तांत 'सौ. अमुक, पूर्वाश्रमीची तमुक' असं लिहून ती सांधेजोड आयती करून देतो.

म्हणून माझा नियम साइटच्या नियमाहून एक पायरी वरचा आहे. ज्या पिढीतली सगळी माणसं गेली आहेत, तिथेच सार्वजनिक वंशवृक्ष कापायचा. खाली रिकाम्या पेट्याही ठेवायच्या नाहीत. खालचं झाड स्वतःच्या संगणकावर, किंवा ज्यांनी होकार दिला त्यांच्यापुरत्या बंद फाइलमध्ये. शोध घेणाऱ्या दूरच्या नातेवाइकाचं यात काही बिघडत नाही. त्याला तुमच्या पणजोबांशी जुळवायचं असतं. तुमच्या पुतणीचं लग्न कुठल्या साली झालं याच्याशी त्याचं काही अडत नाही.

पुतणीचं मात्र अडू शकतं. जातीबाहेर लग्न करून माहेर तुटलेली मुलगी, नवऱ्याच्या छळातून निघून दुसऱ्या शहरात राहणारी बहीण, यांचं सध्याचं आडनाव आणि गाव कौतुकाने छापणं म्हणजे शोधणाऱ्याला पत्ता देणं. महाराष्ट्रात मुलीने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तिच्या घरच्यांनीच जीव घेतल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाला अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवाऱ्यांची सोय करायला राज्यांना सांगावं लागलं. कुळाच्या शीटमध्ये रकाना रिकामा दिसला की तो भरण्याची आपल्याला खाज सुटते. काही रकाने कुणीतरी विचार करून रिकामे ठेवलेले असतात.

दत्तकाचंही तसंच. जुन्या घराण्यांत दत्तक नाव घेऊन कोण कुठल्या घरातून आला, हे वंशावळीत ठळक लिहीत, कारण वारसाहक्काचा तो पुरावा होता. ते उघडं ठेवायला हरकत नाही. आजचं दत्तक वेगळं. ते संस्थेतून झालं असेल तर मूळ पालकांची ओळख गोपनीय असते, आणि मूल १८ वर्षांचं झालं की आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अर्ज करायचा की नाही हे त्याने ठरवायचं असतं. चुलत आजोबांनी वंशवृक्षात कंसात 'दत्तक' असं लिहिल्यामुळे ते मुलाला कळावं, यासारखं वाईट काही नाही.

गेलेल्यांची गुपितं

मृतांना कायद्याचं संरक्षण नाही म्हणून त्यांचं सगळंच चव्हाट्यावर आणावं का? इथे नियम संपतात आणि तारतम्य सुरू होतं.

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांना तिथे गुप्तपणे बाळंत होता यावं, हाच त्याचा हेतू. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, पुढे तो डॉक्टर झाला. आज आपण ही हकिकत अभिमानाने सांगतो. पण तिथे किंवा पुढे पंढरपूरच्या बालकाश्रमात मूल ठेवून परतलेल्या दुसऱ्या एखाद्या बाईच्या पणतीला ही गोष्ट आज तुमच्या वंशवृक्षाच्या टिपेतून पहिल्यांदा कळली, तर? दीडशे वर्षांत लाज विरून गेलेली असेल किंवा नसेलही. ते तुम्ही-मी ठरवायचं नाही. त्या व्यक्तीच्या सगळ्यात जवळची हयात माणसं कोण, त्यांना आधी विचारायचं. वेडसरपणा, आत्महत्या, दुसरा घरोबा, तुरुंग, महारोग यांसाठी हाच शिरस्ता. गोष्ट नोंदवून जरूर ठेवावी; खोटं लिहू नये, पुसूनही टाकू नये. प्रसिद्ध करण्याची घाई तेवढी नको.

जिथे उघडेपणाच कामाला येतो

याच्या उलट बाजू महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत ठळक दिसली. २०२३पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामातून लाखो कुणबी नोंदी शोधल्या गेल्या आणि जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर त्यांच्या प्रती चढल्या. मोडीतल्या गाव नमुना १४मध्ये, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, खापरपणजोबांची एक ओळ सापडली की सगळ्या भावकीचं कुणबी दाखल्याचं काम होतं. अशी नोंद दडवून ठेवण्यात काहीच राम नाही. नोंद शंभर वर्षांपूर्वीची, माणसं गेलेली. उलट गाव, पान आणि वर्ष यांसकट ती फिरवावी.

पण नोंदीबरोबर काय फिरतं ते बघा. जातपडताळणीत वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कुणाचं वैधता प्रमाणपत्र मिळालं तर तो भक्कम आधार ठरतो, म्हणून तेही ग्रुपवर येतं. सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, आधारची झेरॉक्स, शाळा सोडल्याचा दाखला, सही. कुणा भावकीतल्या मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाची सगळी फाइल चारशे अनोळखी फोनांत जाऊन बसते. ज्याला ती कागदपत्रं हवीत त्याला थेट पाठवावीत, आधारचे पहिले आठ आकडे झाकून, आणि प्रतीवर आडवं 'अमुक अर्जासाठीच' असं लिहून. गोव्यात पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आजी-आजोबांच्या जन्मनोंदी शोधणाऱ्यांनाही हेच लागू. तिथे तर फाइल एजंटाच्या हातात असते.

डीएनए चाचणीबद्दल थोडक्यात, कारण ती अजून परदेशातल्या मराठी घरांपुरतीच फारशी आहे. नळीत थुंकता तुम्ही, पण सख्ख्या भावंडाचा साधारण निम्मा आणि चुलत-मावस भावंडाचा साधारण साडेबारा टक्के डीएनए तुमच्याशी जुळतो, तेव्हा त्यांचंही काहीतरी दिलं जातं. २०२३ साली ट्वेन्टीथ्री-अँड-मी या कंपनीची सुमारे १४ हजार खाती चोरांनी इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून उघडली. 'नातेवाईक दाखवा' या सोयीमुळे माहिती गेली ती सुमारे ६९ लाख लोकांची. मार्च २०२५मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि इतक्या लोकांच्या डीएनएचं पुढे काय, हा प्रश्न लिलावाच्या टेबलावर आला. शिवाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं, त्यात मामाच्या मुलीशी लग्नाची चाल. त्यामुळे दोन माणसं प्रत्यक्षात आहेत त्याहून जवळची दिसतात. 'हा तुमचा दुसऱ्या पिढीतला चुलतभाऊ' या निकालावर विसंबून कुणाच्या घरी फोन करू नये.

हाताशी धरायच्या गोष्टी

वंशावळीची सॉफ्टवेअर माहिती बाहेर काढताना जेडकॉम नावाची साधी मजकूर-फाइल देतात. बहुतेकांत 'हयात व्यक्ती वगळा' असा पर्याय असतो, तो निवडा. मग ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून स्वतः चाळा. कारण नावं गाळली जातात, पण आजोबांच्या टिपेत तुम्ही लिहिलेलं 'ही माहिती धाकट्या सुनेकडून, मोबाइल अमुक' तसंच राहतं. फोटोची मूळ फाइल ड्राइव्हवर टाकली तर तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश तिच्यात असू शकतात. गावच्या वाड्याच्या फोटोला ते चालतात, आत्याच्या दिवाणखान्यातल्या फोटोला नाही. जन्मतारखेऐवजी दशक लिहा, 'सुमारे १९५०'. जन्मवेळ तर पत्रिकेपलीकडे कुणालाच लागत नाही. शीटची लिंक ठरावीक ईमेलपुरती ठेवा, आणि काम झालं की बंद करा.

आणि विचारा. मेसेज एवढाच पुरतो: "काका, आपल्या घराण्याच्या वंशावळीत तुमचं नाव, जन्मदशक आणि गाव एवढंच बंद फाइलमध्ये ठेवतोय. ती अमुक बारा जणांना दिसेल. इंटरनेटवर फक्त गेलेल्यांची नावं जातील. चालेल का? नको असेल तर नुसतं नको म्हणा, कारण सांगायची गरज नाही." ग्रुपवर अंगठा आला म्हणजे होकार धरू नका; तो वरच्या सुप्रभातलाही आलेला असू शकतो. उत्तर नाही आलं तर नाव नाही.

जे आधीच बाहेर गेलंय ते पुरतं मागे घेता येत नाही, कमी मात्र करता येतं. मोठ्या साइटवर हयात व्यक्तीची नोंद दिसली तर ती खासगी करण्याची विनंती करता येते; ती नोंद ज्याने केली त्याला आधी साधा निरोप धाडा, बहुतेक वेळा तो लांबचा भाऊच निघतो. मंडळाच्या पीडीएफचं काम सोपं आहे: जुनी लिंक बंद करायची, जुन्या पिढ्यांची पानं वेगळी काढून त्यांचीच नवी फाइल करायची, आणि उरलेला भाग मागणाऱ्याला ओळख विचारून द्यायचा. पुस्तकाच्या शेवटी पत्त्यांची यादी असते, तिची पानं सगळ्यांत आधी काढा. त्यातले सहा आकडी फोन कधीच बंद पडलेत, पण नंतरच्या आवृत्तीतले मोबाइल नंबर पुष्कळांचे अजून तेच आहेत.